लेबलं

पाणी उतरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी
मी आणि डॉक्टर आरवाड्यांनी शटर उचललं.
अर्ध्यावर अडकलं, वाकून आत गेलो.
घोट्यापर्यंत कृष्णेचा गाळ,
भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक ओली रेघ,
आणि कपाटात, खालचा एक खण सोडला तर,
सगळ्या बाटल्या जागच्या जागी, बुचं घट्ट.
फक्त एकीवरही नाव नव्हतं.

लेबलं फळ्यांवर गळून पडलेली,
त्यांचा झालेला राखाडी लगदा,
डॉक्टरांचं तीस वर्षांचं अक्षर
त्यात कुठंतरी.

त्यांनी एक बाटली उघडली. हुंगली.
उजेडात धरली, थेंब जिभेवर घेतला.
मग दुसरी. मग सातवी.
मग म्हणाले, "मालगावे बाई, तुम्ही सांगा बघू."

मी काय सांगणार?
अठरा वर्षं साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर थेंब सोडतेय,
कुठला खण, कितवी बाटली, डोळे मिटून हात जातो.
पण आत काय आहे ते
वर लिहिलेलं असायचं म्हणून माहीत.
त्यांनाही तसंच, हे त्या सकाळी कळलं.
दोघांनाही एकदमच कळलं, म्हणून कुणी बोललं नाही.

बोलले ते बाळासो मगदूम, दारात उभे राहून.
"जितकं पातळ तितकं जालीम, असंच ना डॉक्टर?
खालचा खण तर अख्ख्या नदीत मिसळला.
आता नरसोबाच्या वाडीपर्यंत
कुणाला साधी सर्दी व्हायला नको."
डॉक्टर सगळ्यांच्या आधी हसले.
मग रुमालानं चष्मा पुसत बसले,
बराच वेळ.

नवी औषधं यायला वीस दिवस होते.
मगदूम मात्र गुडघा घेऊन रोज.
मी डब्यातल्या कोऱ्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या,
थेंब न टाकता. डॉक्टरांना न सांगता.
चौथ्या दिवशी ते जिना एकटे चढून आले.
"उतार आहे बाई. ह्याच चालू ठेवा."
वहीत औषधाच्या रकान्यात
मी एक आडवी रेघ ओढली.

आता म्हणाल, फसवलं.
पण त्यांची हळद भिजली होती, गोदामभर,
पेठेतलं पाणी दोन दिवस पिवळं होतं.
घरात, बँकेत, सगळे आकडाच विचारत होते.
कुठल्या कुशीवर झोपता,
ढग आले की बरं वाटतं का,
स्वप्नात काय दिसतं,
हे फक्त डॉक्टर विचारायचे. पाऊण तास.
त्या वर्षी सगळ्यांच्याच स्वप्नात पाणी होतं.
तरी प्रत्येकाचं वेगळं लिहून घ्यायचे.

आणि मग खणभागातल्या मुजावरांची दिलशाद.
खोकला पुराच्याही आधीचा,
संध्याकाळचा ताप, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या.
आधी काढा झाला, मग तावीज, मग आमच्या पुड्या.
डॉक्टरांनी तिलाही विचारलं, स्वप्नात काय दिसतं.
ती सांगायला लागली आणि खोकल्यानं वाक्य तुटलं,
पुन्हा जुळलंच नाही.

मी पुडी बांधली नाही.
दुपारी तिला मिरजेला नेलं, शेअर रिक्षानं.
फोटो, थुंकी, दोन दिवस थांबा.
टीबीच निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी, फुकट,
लघवी लाल होईल, घाबरू नका.
कुठल्या कुशीवर झोपतेस
हे तिथं कुणी विचारलं नाही.
रांग मोठी होती.

डॉक्टर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
दिवाळीनंतर एकदा, दौतीतून मान वर न काढता,
"मुजावरांच्या पोरीचं वजन?"
"चार किलोनं वाढलं."
"हं," म्हणाले. आणि नव्या बाटलीवर
नवं नाव लिहीत राहिले,
तेच वळणदार अक्षर.

माझी अर्धशिशी उठते अजून, महिन्यातून एकदा.
मी त्यांच्याचकडून चार गोळ्या घेते, जिभेवर ठेवते.
ते विचारतात, "डावीकडं की उजवीकडं?
उजेड सोसतो का?"
मी सगळं नीट सांगते.
कधी थांबते, कधी नाही.
बाटलीवर काय लिहिलंय
ते मी वाचत नाही.